दुकान उघडलं म्हणजे सगळ्यांना उघडलं

दुकानात काम करणाऱ्या माणसालाही श्रद्धा असते. सकाळी शटर वर करताना ती त्याने घरी ठेवून यावी, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण त्या श्रद्धेची किंमत समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने मोजावी, हे मला मुळीच मान्य नाही. गोव्यात हे रोज कुठे ना कुठे घडतं आणि निमूट गिळलं जातं, म्हणून लिहिते आहे.

श्रावणातल्या सोमवारी म्हापशाच्या मासळी बाजारात जाऊन पाहा. बांगड्यांची रास पुढ्यात घेऊन बसलेल्या बायांपैकी कितीतरी जणींचा त्या दिवशी उपास असतो. केसांत अबोलीचा वळेसर, कपाळाला कुंकू, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही आणि हात कोपरापर्यंत मासळीच्या पाण्यात. घरी गेल्यावर ती आधी न्हाईल, मग देवापुढे दिवा लावील. बाजारात मात्र इसवण कापून देताना ती समोरच्याला विचारत नाही, की आज सोमवार असून तू कसा खातोस. समोर कातोलिक असेल, मुसलमान असेल, श्रावण न पाळणारा हिंदू असेल. तिचा उपास तिच्या पोटापुरता. गुड फ्रायडेला सासष्टीतला बारवाला बार बंद ठेवतो तो सगळ्यांना बंद. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाणारा दुकानदार शटर ओढतो तेही सगळ्यांसाठीच. फोंड्याच्या शाकाहारी खानावळीत मटण मिळत नाही ते कुणालाच मिळत नाही. श्रद्धा पाळून धंदा करण्याच्या या रीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

माल तोच, पैसे तेच, वेळ तीच, आणि माणूस पाहून उत्तर बदललं, की गोष्ट वेगळी होते.

बार्देशातल्या एका फार्मसीत मी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभी होते. माझ्यापुढे वीस-बाविशीची एक मुलगी होती, पाठीला सॅक. तिने हळू आवाजात संततिनियमनाची तातडीची गोळी मागितली. काउंटरवरच्या माणसाने आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. ‘ना. सोंपल्या,’ एवढं म्हणून तो माझ्याकडे वळला. मुलगी काही न बोलता पायऱ्या उतरून गेली. माझी औषधं काढून होईपर्यंत एक पुरुष आला आणि त्याने तीच गोळी मागितली. मागच्या खणातून पाकीट निघालं, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं गेलं आणि त्याच्या हातात पडलं. मी विचारलं, मघाशी त्या मुलीला नाही का म्हणालात? तो म्हणाला, ‘तसल्या चलयांक हांव दिना, बाय. मनाक पटना.’ तसल्या मुलींना मी देत नाही, मनाला पटत नाही.

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. मनापासून बोलत होता तो. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच मनापासूनपणाची.

या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याभोवतीचा गैरसमज आणि नकार हातात हात घालून चालतात. लेवोनॉरजेस्ट्रेलची ही गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घेतली तितका उपयोग अधिक. ती मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणं रोखते किंवा लांबवते. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडू शकत नाही. ‘मी पाप विकत नाही’ म्हणणाऱ्याने ज्याला पाप समजलं, ते या गोळीने होतच नाही. समजा होत असतं, तरी तिच्या आयुष्याचा निवाडा करण्याचं काम त्याला कुणी दिलेलं नाही. त्याला औषधं विकण्याचा परवाना मिळाला आहे आणि तो जनतेच्या नावाने मिळाला आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलं आहे, की विक्रेत्याने आपल्याजवळ उपलब्ध असलेलं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नाकारू नये. आणि नेमकी इथेच पळवाट आहे. उपलब्ध असलेलं. म्हणून तर त्याने ‘देत नाही’ म्हटलं नाही, ‘सोंपल्या’ म्हटलं.

आपल्याकडचा नकार असाच असतो. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात २०१२ मध्ये एका बेकरीवाल्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला, तेव्हा धर्म आड येतो हे त्याने तोंडावर सांगितलं. ते प्रकरण २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालं आणि त्यावर सगळ्या देशाने वाद घातला. आपल्याकडे खोली भरलेली असते, माल संपलेला असतो, मालक गावाला गेलेले असतात, टेबल राखून ठेवलेलं असतं. कुणाचा आवाज चढत नाही. ज्याला नाकारलं तोही घरी जाताना स्वतःलाच विचारत राहतो, की खरंच संपलं असेल का? पुरावा मागे राहत नाही, तक्रार होत नाही, आणि गोव्यात असलं काही होत नाही हा आपला समज शाबूत राहतो.

आता मनापासूनपणाविषयी. श्रद्धेचा दाखला देणारे नेहमी म्हणतात, की तो माणूस ढोंगी नाही, त्याला खरोखरच तसं वाटतं. वाटत असेल. पण आपल्या आजी-पणजीच्या पिढीत दुकानदार महाराच्या हातात पुडी देत नव्हता, वरून टाकत होता, आणि पैसे खाली ठेवायला लावून त्यावर पाणी शिंपडून उचलत होता, तेव्हा तोही ढोंगी नव्हता. तो देवभोळा, एकादशी करणारा, खोटं माप न देणारा माणूस असू शकत होता. परदेशातून शिकून आलेले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत असलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये एका पारशी धर्मशाळेत उतरले होते. त्यांची जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. धर्मशाळा बाटली असं त्या लोकांना अगदी खरोखर वाटत होतं. अमेरिकेत काळ्या माणसांना आत बसवून जेवण न देणाऱ्या एका हॉटेलमालकाने तर, वर्णांची सरमिसळ आपल्या धर्माविरुद्ध आहे असं न्यायालयात सांगितलं होतं. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव पोकळ ठरवला. श्रद्धा किती खरी आहे यावर गिऱ्हाइकाचा हक्क ठरू लागला, तर जगातला सगळ्यात कट्टर माणूस सगळ्यात मोकळा राहील.

आपल्या घटनाकारांनी हे ओळखलं होतं. घटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग सरकारपुरता थांबत नाही, तो थेट नागरिकांच्या आपसातल्या व्यवहाराला हात घालतो. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागांत मज्जाव करता येणार नाही, असं ते म्हणतं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा यात न्हावी येतो का, परीट येतो का, डॉक्टर-वकील येतात का, असे प्रश्न निघाले. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं, की जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा या अर्थाने दुकानच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच खुलाशाचा आधार घेऊन खाजगी महाविद्यालयांनाही त्या कलमाच्या कक्षेत आणलं. श्रद्धेच्या स्वातंत्र्याचं २५ वं कलम बरेच जण ढालीसारखं पुढे करतात. त्याची सुरुवातच मुळी सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या बाकीच्या तरतुदींच्या अधीन राहून होते. आणि १५ वं कलम त्या बाकीच्या तरतुदींतलंच आहे.

गोव्याला ही घटना उशिरा मिळाली. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्त झालो, १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने भारतीय संघराज्यात रीतसर नोंदलो गेलो. त्याआधी १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने इथल्या हिंदूंना कागदावर बरोबरी दिली होती, पण आपण आपल्याच माणसांना करवंटीतून चहा ओतत होतो, त्यावर त्या कागदाचा काही परिणाम झाला नाही. म्हणून गोवेकराने तरी या कलमाकडे दिल्लीहून आलेली औपचारिकता म्हणून पाहू नये.

तरीही एक मोठं भगदाड आहे. अस्पृश्यतेपायी माल किंवा सेवा नाकारली तर १९५५ च्या कायद्याखाली, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, एक ते सहा महिन्यांची कैद होऊ शकते. एचआयव्हीबाधितांना माल-सेवा नाकारण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, तृतीयपंथीयांना नाकारण्यास २०१९ च्या. पण एखाद्या मुसलमान जोडप्याला, उत्तर प्रदेशातल्या मजुराला, किंवा एकटी आली म्हणून एखाद्या बाईला खोली नाकारली तर? घटना त्यांच्या बाजूने आहे, पण तक्रार घेऊन जायचं कुठे? पर्वरीला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका घेऊन? रात्री अकरा वाजता बॅगा घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे उत्तर देणं म्हणजे काहीच न देणं. आणि लग्न न झालेलं जोडपं तर त्या पाच कारणांच्या यादीतही बसत नाही.

यावर ठरलेला युक्तिवाद असा, की एका दुकानात नाही मिळालं तर दुसऱ्यात जावं. पणजीत राहणाऱ्याला हे सुचतं. नेत्रावळीत किंवा सत्तरीच्या टोकाच्या एखाद्या गावात राहणाऱ्याला पुढचं औषधाचं दुकान म्हणजे बस, आणि बस म्हणजे अर्धा दिवस. ७२ तासांतला अर्धा दिवस. शिवाय गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच ती मुलगी आपलं गाव सोडून बाजारपेठेत आलेली असते. दुसरं दुकान असतं तरी पहिल्या दुकानाच्या पायऱ्या उतरताना जे वाटतं, ते भरून निघत नाही. महाडच्या माणसांना १९२७ मध्ये पाणी दुसरीकडे मिळतच नव्हतं असं नाही.

गिऱ्हाइकाला विक्रेता नाकारता येतो, मग विक्रेत्याला गिऱ्हाईक का नाही, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. गोव्यात पूर्वी हिंदू घरांत पाव येत नसे. तो माडाच्या सुरेने फुगवलेला आणि ख्रिस्ती पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हातचा. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट कित्येकांनी लहानपणी ऐकली असेल. तेव्हा ज्याने पाव घेतला नाही त्याने पोदेराचा कुठला हक्क हिरावला नाही. आपल्या ताटात काय असावं ते ज्याने त्याने ठरवावं. पोदेर मात्र सायकलवरचा भोंगा वाजवत प्रत्येक दारावरून गेला, आणि ज्याने मागितला त्याला उंडे दिले. विकणाऱ्याने पंचायतीचा परवाना घेतलेला असतो, रस्त्यावर दार उघडलेलं असतं, या म्हणून पाटी लावलेली असते. विकत घेणाऱ्याने असं कुणाला काही सांगितलेलं नसतं. जबाबदारी सारखी नाही, म्हणून मोकळीकही सारखी असू शकत नाही. अर्थात एकट्याची आवड वेगळी आणि जत्रेत अमुक धर्माच्या माणसाची दुकानं लागूच द्यायची नाहीत असा जमवलेला बहिष्कार वेगळा. दुसऱ्यात माणसाची भाकरी काढून घेतली जाते. २०२२ मध्ये शेजारच्या कर्नाटकात देवळांच्या जत्रांतून ते झालेलं आपण पाहिलं आहे. गोव्याच्या जत्रांत खाजेवाला, फुलवाला, बांगडीवाला कोण हे कुणी विचारू नये, यासाठी आपण जागं राहायला हवं.

आता पगारावर काम करणाऱ्याविषयी, कारण मालकाला दुकानाचं धोरण ठरवता येतं, नोकराला नाही. कळंगुटच्या दारूच्या दुकानात बारा-बारा तास उभा राहणारा एखादा मुसलमान मुलगा, गोमांस शिजतं अशा स्वयंपाकघरात भांडी घासणारी एखादी हिंदू बाई. पटत नसेल तर नोकरी सोड, असं त्यांना सांगणं सोपं आहे, पण ते माणुसकीचं नाही. इंग्लंडमध्ये २०१३ च्या डिसेंबरात मार्क्स अँड स्पेन्सरच्या एका दुकानात मुसलमान कर्मचारी बाईने शँपेन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला नम्रपणे दुसरा काउंटर मोकळा होईपर्यंत थांबायला सांगितलं. गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. अशा कर्मचाऱ्यांना कपडे किंवा बेकरीसारख्या विभागात काम देता येतं, तसं या वेळी झालं नाही, अशा अर्थाचा खुलासाही केला. मला तो योग्य वाटला. तिथे चूक झाली ती व्यवस्थापनाची. नोकरीवर ठेवतानाच विचारायचं, जमेल तिथे कामाची वाटणी करून द्यायची, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. ज्या दुकानात दोनच माणसं आहेत आणि दुसरा जेवायला गेला आहे, तिथे मात्र समोरच्याला माल मिळालाच पाहिजे. आणि औषधाच्या बाबतीत ही सवलतसुद्धा नको.

मिनियापोलिसच्या विमानतळावर याची दुसरी बाजू दिसली. तिथले बरेच टॅक्सीवाले सोमाली मुसलमान. सामानात दारूची बाटली दिसली की त्यांतले काही जण उतारूला घेत नसत, आणि काही वर्षांत असं हजारो वेळा झालं. दारू चालणाऱ्या टॅक्सीला वेगळा दिवा लावावा अशीही सूचना पुढे आली. शेवटी २००७ मध्ये विमानतळाच्या प्रशासनाने नियम केला, की पहिल्या नकाराला तीस दिवस परवाना स्थगित, दुसऱ्याला दोन वर्षं रद्द. कठोर वाटतं. पण टॅक्सी रांगेतली असते, उतारू निवड करून आलेला नसतो, आणि थंडीत मुलं घेऊन उभा असतो. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाडं नाकारणं हा गुन्हाच आहे. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरलेल्या माणसाला तो कायदा किती उपयोगी पडतो, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

एका जागी मात्र मी विक्रेत्याच्या बाजूने उभी राहीन. बेलफास्टच्या एका बेकरीने, समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या असं लिहिलेला केक करायला नकार दिला होता. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. तो मजकूर लिहायला त्यांनी कुणालाही नकार दिला असता, मागणारा कोण यावर ते ठरलेलं नव्हतं, हे त्याचं कारण. मला हा निकाल पटतो, आणि मी समलिंगी विवाहाच्या बाजूची आहे. डिचोलीतल्या पाटी रंगवणाऱ्याला न पटणारी घोषणा रंगवायला कुणी भाग पाडू नये. पण त्याच रंगाऱ्याने आयेशाच्या शिवणकामाच्या दुकानाची पाटी रंगवायला, ती आयेशा आहे म्हणून नाही म्हणता कामा नये. मजकूर नाकारणं आणि माणूस नाकारणं यातली रेघ इतकी जाड आहे की ती न दिसण्याचं काही कारण नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस कायम विसरला जातो. किनारपट्टीवरच्या गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसलेला मुलगा. मालकाने त्याला बजावलेलं असतं, की देशी पोरांचा घोळका आला तर ‘फुल्ल’ म्हण, अमुक आडनाव दिसलं तर ‘फुल्ल’ म्हण, फक्त परदेशी घे. मागे किल्ल्या टांगलेल्या असतात आणि त्याला त्या दिसत असतात. तो खोटं बोलतो, कारण महिनाअखेरीला घरी पैसे पाठवायचे असतात. श्रद्धेच्या नावाने सेवा नाकारण्याच्या हक्काबद्दल जगभर एवढं बोललं जातं. पण ज्याची सदसद्विवेकबुद्धी सेवा द्यायला सांगते आणि ज्याला मालक नाकारायला लावतो, त्याच्या हक्काबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला तो हक्क आधी हवा आहे.

हे करणं अवघड नाही. आपल्या विधानसभेत चाळीस आमदार आहेत, राज्य लहान आहे, आणि दुकानं व आस्थापनांचा १९७३ चा कायदा हाताशी आहे. त्यात एक कलम घालावं, की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, वैवाहिक स्थिती किंवा लैंगिकता यावरून कोणत्याही दुकानात वा हॉटेलात गिऱ्हाईक नाकारता येणार नाही. असलेला माल ‘संपला’ म्हणून सांगणं हाही नकारच धरावा. तक्रार तालुक्याच्या पातळीवर, मामलेदाराकडे, साध्या अर्जावर घेतली जावी, आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा थेट परवान्यावर यावी. दंड भरून मोकळं होता येतं, परवाना गेला की येत नाही. आणि मालकाने सांगूनही ज्याने गिऱ्हाइकाला खोटं सांगायला नकार दिला, त्या कामगाराला त्या कारणावरून काढून टाकता येणार नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं असावं. त्याचा जबाब पुरावा म्हणून घेतला जावा आणि त्याचं नाव मालकाला कळू नये. खोली रिकामी होती की नव्हती, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही.